वहीत नसलेलं नाव: उद्यमबागेजवळच्या एका मंडळीचं प्रकरण

2023 च्या पावसाळ्यात आमच्या मंडळीतला, म्हणजे बेळगावातल्या आमच्या मराठी चर्चमधला, एक मोल्डर (फाउंड्रीत साचे बनवणारा कामगार) न्यूमोनियानं 9 दिवस दवाखान्यात पडून होता आणि मंडळीतलं एकही माणूस त्याला बघायला गेलं नाही. माणूस वाचला, घरी आला. पुढच्या रविवारी उपासना सुटल्यावर त्याची बायको चपला घालता घालता माझ्याशी एवढंच बोलली, "ओंबत्त दिन आत्री, यारू बरलिल्ल." नऊ दिवस झाले, कुणी आलं नाही. आवाज चढलेला नव्हता. भांडली असती तर मला सोपं गेलं असतं.

मी मंडळीचा कारभार बघणाऱ्या पंच कमिटीचा सेक्रेटरी. उद्यमबाग या औद्योगिक वसाहतीतल्या एका फाउंड्रीत 29 वर्षं स्टोअर सांभाळून निवृत्त झालो, त्यामुळे मला पहिला प्रश्न पडला तो स्टोअरवाल्याचाच: माल आत आला, मग नोंद कुठं आहे? रात्री घरी मंडळीचं रजिस्टर उघडलं. त्याचं नाव कुठंच नव्हतं. अडीच वर्षं हा माणूस दर रविवारी येत होता. नाताळच्या जेवणाला भाताची डेग चुलीवरून उतरवायला हाक जायची ती त्यालाच. डेग उतरवायला आम्हाला तो हवा होता, वहीत मात्र नव्हता.

मंडळीचं नाव इथं लिहीत नाही, माणसांचीही नाही. पण जागा सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही.

बेळगावात लंडन मिशनरी सोसायटीचं काम 1820 मध्ये सुरू झालं आणि पुढं ते मेथडिस्टांकडे गेलं. बेनन स्मिथ शाळेच्या नावातला बेनन हा त्या सुरुवातीच्या मिशनऱ्यांपैकी एक. आमची मंडळी त्या घराण्यातली नव्हे. 1980 नंतर कोल्हापूर-मिरजेकडून नोकरीला आलेल्या सहा कुटुंबांनी ती एका नर्सबाईंच्या पडवीत सुरू केली. बाई मिरजेच्या वानलेस हॉस्पिटलात शिकलेल्या. आजारी माणसाचं अंथरूण कसं बदलायचं, हे पंचांच्या बायकांना त्यांनीच शिकवलं असं जुनी माणसं सांगतात. म्हणजे आजाऱ्याकडे जाणं हीच ज्या मंडळीची जन्मखूण, तिच्याकडून हे घडलं.

पहिली 25-30 वर्षं सगळा कारभार मराठीत होता. मग मच्छे आणि उद्यमबागच्या कारखान्यांत गोकाक, बैलहोंगल, सौंदत्तीकडची माणसं कामाला येऊ लागली. त्यांतली काही घरं पिढीजात ख्रिस्ती. बासेल मिशनचं काम धारवाडात 1837 पासून आहे, त्या मंडळ्यांतली ही माणसं. शहरात कन्नड उपासना आहेतच, पण रविवारी दोन बस बदलून पोरंबाळं घेऊन कोण जाणार? आमची मंडळी चालत दहा मिनिटांवर. मराठी त्यांना समजतं, बोलतातही थोडंफार. ते येत गेले, आम्ही खुर्च्या वाढवत गेलो. हॉलमध्ये दाटीवाटीनं 160 खुर्च्या बसतात. 2022 च्या नाताळनंतर पोरं दाराबाहेर उभी राहू लागली. हॉल ऐंशी टक्के भरला की नवा माणूस दारातूनच परत फिरतो असा एक आडाखा मंडळ्या वाढवणारे लोक सांगतात. आमच्याकडे तो खोटा ठरला, माणसं उभी राहूनही येत होती. त्याचं आम्हाला फार कौतुक. वार्षिक सभेत हजेरीचा आकडा मीच मोठ्यानं वाचून दाखवला होता.

मोल्डरच्या बायकोचं, म्हणजे अक्कांचं, ते वाक्य ऐकल्यावर तरुण संघातल्या दोन मुलांना घेऊन मी ओळीनं तीन रविवार दारात बसलो आणि घरं मोजली. रजिस्टरात 61 कुटुंबं. प्रत्यक्ष येणारी 97. वहीबाहेरच्या 36 घरांपैकी 29 घरी कन्नड बोलली जाते. कुणी मुद्दाम वगळलेलं नव्हतं, हे मी शपथेवर सांगू शकतो. आमची पद्धत अशी की जुन्या मंडळीचा दाखला आणून द्यायचा, वर्षाची वर्गणी भरायची, मग नाव चढायचं. दाखला आणा असं त्यांना कुणी सांगितलं नाही. आपणहून विचारायला ते लाजले. मराठी घरातल्या नव्या सुनेचं नाव मात्र लग्नाच्या दुसऱ्या रविवारी चढायचं, कारण सासूच पंचांच्या मागं लागायची. कन्नड घरांची सासू आमच्या कमिटीत नव्हती.

दुसरा हिशेब पाळकसाहेबांचा, म्हणजे मंडळीच्या धर्मगुरूंचा. साहेबांच्या खिशात एक छोटी वही असते. तिच्यात नावं, घरं, कुणाचं ऑपरेशन कधी. मंगळवार ते शनिवार संध्याकाळी दोन घरं, म्हणजे आठवड्याला दहा. त्यातून दवाखाना, मयत, लग्नाची बोलणी, कमिटीच्या बैठका वजा केल्या की पाच-सहाच हाताला लागतात. 97 घरं त्या गतीनं घेतली तर एका घराची पाळी चार महिन्यांनी येते. आणि साहेब वहीतल्याच घरांकडे जाणार. मी हे कागदावर मांडून त्यांच्यापुढं ठेवलं. ते बराच वेळ वहीची पानं पुढं-मागं करत राहिले. मग म्हणाले, "मला तो माणूस तोंडानं पक्का ठाऊक आहे. नाव आत्ता कळलं."

रॉबिन डनबार नावाच्या ब्रिटिश शास्त्रज्ञानं 1990 च्या दशकात मांडलं की एका माणसाला खऱ्या अर्थानं ओळखीची ठेवता येतात ती जेमतेम 150 माणसं. आकड्याबद्दल वाद आहेत. पण आमच्या साहेबांची वही कुठं भरली, हे मी डोळ्यांनी पाहिलं.

पहिले उपाय, म्हणजे पहिल्या चुका

आधी आम्ही जे केलं ते आठवलं की मला अजून ओशाळल्यासारखं होतं. कन्नड मंडळींचा आम्ही सत्कार केला. खरंच. एका रविवारी त्यांना पुढं बसवलं, एक कन्नड गीत गायला लावलं, नंतर चहा आणि कुंदा. ते आले, गायले, कुंदा खाल्ला. त्यानंतरच्या आठवड्यात त्यांच्यातली एक बाई बाळंत झाली, तीही आम्हाला पंधरा दिवसांनी कळली.

मग उपदेशाचं भाषांतर सुरू केलं. साहेब एक वाक्य मराठीत बोलणार, एक शिक्षक ते कन्नडमध्ये सांगणार. 25 मिनिटांचा उपदेश 55 मिनिटांवर गेला. मराठी लोक दुसऱ्या वाक्याला घड्याळ बघायचे, कन्नड लोक पहिल्या. शिवाय कन्नड लोकांना मराठी उपदेश आधीपासूनच समजत होता! त्यांची अडचण कानाची नव्हतीच. पाच रविवारांत ते बंद केलं.

फेब्रुवारी 2024 मध्ये कमिटी बसली. पाट्यांवर 60 टक्के कन्नड असलं पाहिजे या कायद्याची चर्चा नेमकी तेव्हा तापलेली. बाजारात दुकानदार जुने बोर्ड उतरवत होते. अशा वेळी "कन्नड घरांसाठी काही करूया" हा विषय काढणं म्हणजे वाळलेल्या गवतात काडी. आमचे खजिनदार तात्या उठून म्हणाले, "आज एक गाणं. उद्या बोर्ड. परवा आम्ही दाराबाहेर. बाहेर बघूलोय तेच आत पण बघायचं काय?"

बेळगावबाहेरच्या वाचकाला हे कोतेपणाचं वाटेल. तात्यांना लहानपणी वडिलांनी दंडाला काळी फीत बांधून 1 नोव्हेंबरच्या फेरीत नेलं होतं. 1956 मध्ये त्या तारखेला हा भाग मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेला. इथं आजही त्या दिवशी एका रस्त्यानं राज्योत्सवाची मिरवणूक जाते आणि दुसऱ्या रस्त्यानं काळ्या दिवसाची. (चर्चच्या पंचांगात तोच सर्व संतांचा दिवस आहे. दोन मिरवणुकांच्या मधून वाट काढत उपासनेला जायचं, ही गंमत दुसऱ्या गावाला नाही कळायची.) आपली भाषा ऑफिसात नाही, पाटीवर कमी होतेय, तर निदान प्रार्थनेत तरी असावी, या म्हणण्यात खोट नाही. तात्यांना गप्प करून मंडळी चालवता आली असती. पण पुढची तक्रार मग त्यांच्या बाजूनं आली असती, आणि तीही चपला घालता घालता.

त्या बैठकीत वेगळ्या कन्नड उपासनेचा प्रस्ताव आला. तात्या तयार, दोन कन्नड भाऊही तयार. मी विरोधात बोललो, साहेबही. वेगळी उपासना केली असती तरी त्या मोल्डरकडे जाणार कोण, हा प्रश्न जिथल्या तिथं राहिला असता; फक्त वेळ बदलली असती. उपासक वाढवायचे की संभाळायचे, या दोन गोष्टी आम्ही एकच समजत होतो.

सात जण

गाडी हलली ती बुधवारच्या शास्त्राभ्यासात. शाळेतून निवृत्त झालेल्या एक बाई तो घेतात. त्यांनी बायबलातल्या 'प्रेषितांची कृत्ये' या पुस्तकाचा सहावा अध्याय काढला. यरुशलेमची मंडळी वाढत असताना ग्रीक बोलणाऱ्यांनी कुरकुर केली की रोजच्या वाटणीत आमच्या विधवांकडे दुर्लक्ष होतं. बारा प्रेषितांनी सगळ्यांना बोलावून सात जण निवडायला लावले. इथपर्यंत प्रत्येकाला पाठ असतं. बाईंनी मुलांना विचारलं, "त्या सातांची नावं वाचा बघू. कुठल्या भाषेतली?" स्तेफन, फिलिप्प, शेवटचा नीकलाव. सगळी ग्रीक. तो नीकलाव तर मूळचा यहूदीही नव्हे, अंत्युखियाहून आलेला.

मी तिथंच थबकलो. नाव ग्रीक म्हणजे माणूस ग्रीकभाषक असं छातीठोक म्हणता येत नाही. बारा जणांतही अंद्रिया आणि फिलिप्प ही ग्रीक नावं आहेतच. पण सातच्या सात? ज्यांची तक्रार होती त्यांच्याच हातात वाटणी गेली, असं दिसतं. त्यांना गाणं दिलं नाही, सत्कार केला नाही. कोठाराची किल्ली दिली.

साहेबांनी त्याला बायबलातल्याच 'निर्गम' पुस्तकाचा 18 वा अध्याय जोडला. सकाळपासून संध्याकाळपर्यंत मोशे एकटाच न्यायनिवाडा करतो, तेव्हा सासरा इथ्रो त्याला सांगतो की तूही थकशील, लोकही थकतील. हजारांवर, शंभरांवर, पन्नासांवर, दहांवर माणसं नेम. "सासऱ्याचं ऐकणारा जावई म्हणून तरी मोशे मोठा," असं एक मामा बोलले आणि कमिटीत महिन्याभरानं पहिल्यांदा हशा झाला.

97 घरांचे आठ भाग केले. नावावरून दोन बैठका गेल्या. 'सेल', 'गट', 'विभाग' सगळं सुचवून झालं. शेवटी 'गल्ली' ठरलं, कारण बेळगावात हा शब्द मराठीला परका नाही आणि कन्नडलाही नाही. प्रत्येक गल्लीला दोन सेवक. काम तीनच: महिन्यातून एकदा प्रत्येक घरी जायचं, आजारी पडलेल्याकडे दोन दिवसांत पोचायचं, पंधरा दिवसांनी एकत्र प्रार्थना घ्यायची.

घराघराचं कार्ड मी तयार केलं. स्टोअरमध्ये प्रत्येक मालाला बिन कार्ड असतं, त्याच धर्तीवर. नाव, पत्ता, फोन, घरची भाषा, शेवटची भेट कधी, कुणाची सही. आणि एक रकाना शिफ्टचा. हा रकाना कुणाला महत्त्वाचा वाटला नव्हता, पण साहेबांच्या संध्याकाळच्या भेटींत फाउंड्रीतली माणसं का सापडत नाहीत ते त्यातून कळलं: एक आठवडा सेकंड शिफ्ट, एक आठवडा नाईट. माल संपत आला की बिन कार्डावरची लाल रेघ सांगते. इथं लाल रेघ 40 दिवसांची. भेटीला 40 दिवस उलटले की ते कार्ड डब्यात पुढं यायचं. पहिल्या महिन्यात डबा उघडला की पुढचीच कार्डं जास्त, मागं चारदोन.

पहिल्यांदा गल्ल्या भाषेवर पाडल्या. पाच मराठी, तीन कन्नड. सोयीचं वाटलं. तीन महिन्यांत दोन मंडळ्या तयार झाल्या. इस्टरच्या जेवणात कन्नड गल्ल्यांची वेगळी पंगत बसली, कुणी न सांगता. तात्या माझ्याकडे बघून काही बोलले नाहीत, तेवढं पुरलं. जूनमध्ये सगळं मोडून बस-स्टॉपवर गल्ल्या पाडल्या: जो ज्या स्टॉपवर उतरतो ती त्याची गल्ली. प्रत्येकीत एक सेवक मराठी घरचा, एक कन्नड घरचा. दोन जुनी कुटुंबं याच वेळी नाराज होऊन दुसऱ्या मंडळीत गेली. त्यांना परत आणायला मी दोनदा गेलो. चहा मिळाला, बाकी काही नाही.

घरच्या प्रार्थनांची वेगळीच अडचण. धर्मांतरविरोधी विधेयक डिसेंबर 2021 मध्ये आमच्याच बेळगावच्या अधिवेशनात विधानसभेत मंजूर झालं, 2022 मध्ये त्याचा कायदा झाला. तेव्हापासून भाड्याच्या खोलीत चार माणसं गात बसली तरी घरमालक दारात येतो. आमची बहुतेक कन्नड घरं भाड्याची. म्हणून नियम केला की प्रार्थना स्वतःचं घर असलेल्याकडेच, माईक नाही, साडेआठला बंद, आणि शेजाऱ्याला आधी सांगून ठेवायचं. एका ठिकाणी शेजारीण शिरा पाठवते. एका ठिकाणी दोनदा पोलीस विचारून गेले. तिथली प्रार्थना हॉलच्या व्हरांड्यात हलवली.

पैशाचा गोंधळ व्हायचाच होता. एका सेवकानं भल्या हेतूनं गल्लीत वर्गणी सुरू केली, आजाऱ्यांच्या औषधाला. दोन महिन्यांत हिशेबावरून भांडण. मेथडिस्ट पंथ सुरू करणाऱ्या जॉन वेस्लीच्या गटांची गोष्ट मला साहेबांनी तेव्हा सांगितली. 1742 मध्ये ब्रिस्टलला इमारतीचं कर्ज फेडायचं होतं म्हणून बारा-बारा माणसांमागं एक नेमला, आठवड्याला एक पेनी गोळा करायला. पेनीसाठी घरोघर जाता जाता माणसांची हालहवाल कळू लागली, आणि वसुलीचा गट देखभालीचा गट झाला. आमचं उलट्या दिशेनं चाललं होतं. गल्लीत पैसा बंद केला. दान फक्त हॉलमध्ये. उपासना सुटताच तिघं मोजणार, तिघं चिठ्ठीवर सही करणार, आकडा फळ्यावर लिहूनच घरी जायचं.

कपाट

मदतीचं एक लोखंडी कपाट आहे. तांदूळ, तेल, डाळ, औषधांसाठी थोडी रोख. त्याची किल्ली 14 वर्षं तात्यांच्या स्कूटरच्या किल्लीला अडकलेली. तात्यांनी एका दाण्याची लबाडी केली नाही, हे लिहून ठेवतो. पण कुणाला गरज आहे ते त्यांना कळायचं त्यांच्या ओळखीतूनच, आणि ओळख वहीतल्यांशी.

सातांचा धडा इथं लागू करायचा असं ठरलं. मी कपाटाला बाहेरून एक कडी आणि कुलूप बसवलं. आतली किल्ली तात्यांकडे, बाहेरच्या कुलपाची त्या मोल्डरच्या बायकोकडे. दोघं असल्याशिवाय कपाट उघडत नाही. डुप्लिकेट करायची नाही असंही ठरलं. किल्ली हातात दिली तेव्हा अक्का मागं सरकल्या. "नान्याके री? मी कशाला? बाकी लई बायका हाईत." मी म्हटलं, नऊ दिवस कुणी आलं नाही हे तुम्हाला ठाऊक आहे, म्हणून. त्यांनी किल्ली पदराच्या टोकाला बांधली. तात्या चार रविवार माझ्याशी कामापुरतंच बोलले.

आज 2025 मध्ये हजेरी 200 च्या आसपास आहे, म्हणजे फारशी वाढलेली नाही. 40 दिवस उलटलेली कार्डं वीसेक राहतात; त्याखाली ती जात नाहीत, कारण सेवकांनाही शिफ्ट आहेत. 16 सेवकांपैकी तिघं थकून बाजूला झाले, एक पुण्याला नोकरीला गेला. उपासना मराठीतच, एक शास्त्रपाठ कन्नडमधून, आणि मोकळ्या प्रार्थनेत ज्याला जी येते ती भाषा. शब्बाथशाळेत एक नवीच गोष्ट दिसते: पोरं मराठी गीतं कन्नड लिपीत उतरवून घेतात आणि तोंडानं झकास मराठी गातात. त्याबद्दल कुणाला आनंद आहे, कुणाला धास्ती. मला दोन्ही.

गेल्या महिन्यात रविवारी धो धो पाऊस. पिरनवाडीकडची बस आली नाही, त्यामुळे अक्काही नाहीत. एक विधवा मावशी तांदळासाठी पिशवी घेऊन व्हरांड्यात बसलेली. तात्या आपली किल्ली बोटात फिरवत कपाटासमोर. एका तरुणानं सुचवलं, डुप्लिकेट करून ठेवूया, किंवा कडीचे स्क्रू काढूया, दोन मिनिटांचं काम. मी गप्प राहिलो, तात्यांना हेच हवं असणार असं समजून.

"कुलूप कशाला लावलंय मग?" तात्या त्याच्यावर खेकसले आणि पायरीवर बसले. वीस मिनिटांनी अक्का आल्या, छत्री उलटी झालेली, पदर चिंब, गाठ सुटेना. तात्या बसल्या बसल्याच म्हणाले, "पुढच्या रविवारी मी लेट येणार. मग कळू दे तुम्हाला."